पाकटाच्या पोटातली बिऱ्हाडं

जंत या विषयाला पुण्यात प्रतिष्ठा नाही. पुण्यातच कशाला, अख्ख्या महाराष्ट्रात नाही. तान्ह्या बाळाच्या पाण्यात वावडिंग पडतं ते जंतांच्या धसक्याने. पोरगं झोपेत दात खायला लागलं की शेजारच्या आजी डॉक्टरच्या आधी निदान करून मोकळ्या होतात. गुळाचा दुसरा खडा मागणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाने ‘जंत होतील हं!’ हे वाक्य ऐकलेलं असतं. २०१५पासून तर सरकारनेच १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन ठरवून टाकला. त्या दिवशी शाळाशाळांतून मुलांना अल्बेंडाझोलची गोळी चघळायला देतात. ज्याच्या नावाने दिन पाळायचा त्याचाच त्या दिवशी नायनाट करायचा, असं भाग्य कॅलेंडरात फारशा कुणाच्या वाट्याला आलेलं नाही.

गोळीबद्दल माझी तक्रार नाही. मुलांच्या पोटातले जंत गेलेच पाहिजेत. पण जंत म्हणजे तेवढेच, अशी जी आपली समजूत आहे तिच्याबद्दल मात्र थोडं बोलायचं आहे. कारण समुद्रात पाकट नावाचा एक मासा आहे, त्याच्या पोटात जंतांची एक निराळीच दुनिया आहे, आणि त्या दुनियेतल्या एका तरी रहिवाशाच्या नावात आपला मराठवाडा आहे.

पाकट पुणेकरांना सांगावं लागतं, रत्नागिरीकडच्यांना नाही. पसरट, जाजमासारखं अंग, डोळे वरच्या बाजूला, तोंड खालच्या बाजूला आणि मागे लांबलचक शेपूट. त्या शेपटीवर विषारी काटा असतो, म्हणून खलाशी जाळ्यातून पाकट निघालं की आधी शेपटीचा बंदोबस्त करतात. मुशी-मोरीचं, म्हणजे शार्कचं, आणि याचं गोत्र एकच. अंगात हाड म्हणून नाही, सगळी कूर्चा. समुद्राच्या तळाशी वाळूत अंग पुरून पडून राहायचं आणि शिंपले, कोळंबी, खेकडे असं जे हाती लागेल ते चिरडून खायचं, हा दिनक्रम. एकंदरीत स्वभाव स्वस्थ. वामकुक्षीला महत्त्व देणाऱ्या शहरात या प्राण्याचं कौतुक व्हायला हवं होतं.

या पाकटाचं आतडं लांबीला अगदी बेताचं असतं. पण निसर्गाने आत एक युक्ती केली आहे. आतड्याच्या भिंतीपासून निघालेला एक पडदा वळसे घेत घेत वरून खाली जातो. म्हणजे बाहेरून बघावं तर वीतभर नळी, आणि आत अन्नाला फेऱ्यांवर फेऱ्या घालत उतरावं लागतं. मला ही रचना वाचून एकदम आमचा जुना पेठेतला वाडाच आठवला. बाहेरून दोन खणांचा दरवाजा, पण आत शिरलात की काळोखा जिना, जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक बिऱ्हाड, आणि एकूण किती बिऱ्हाडं आहेत हे खुद्द मालकालाही सांगता येत नाही.

पाकटाच्या पोटात नेमकं हेच असतं. त्या जिन्याच्या वळणावळणांवर पट्टकृमी, म्हणजे चपटे जंत, राहतात. एकाच पाकटात चार-पाच निरनिराळ्या जातींचे सहज सापडतात, आणि ज्याने त्याने आपापली जागा धरलेली असते. कुणी वरच्या वळणांवर, कुणी खालच्या. वरचा खाली येत नाही, खालचा वर जात नाही. काही जातींच्या डोक्याचा आकार तर त्या त्या पाकटाच्या आतड्यातल्या उंचवट्यांवर बरोब्बर बसेल असाच घडलेला असतो. खोली बघून माणूस बेतावा तसं.

या बिऱ्हाडकरूंचं वर्णन करायचं तर आधी नसलेल्या गोष्टी सांगाव्या लागतात. डोळे नाहीत. तोंड नाही. पोट नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या आतड्यात राहून याला स्वतःचं आतडं नाही, हे मला फार समजूतदारपणाचं वाटतं. सगळं अन्न अंगाच्या कातडीवाटेच आत मुरतं. जेवायला उठायला नको, पान घ्यायला नको, आणि आवरायलाही नको. एका टोकाला डोकं असतं, पण त्यालाही डोकं म्हणायचं ते केवळ सवयीने, कारण त्याचं काम विचार करणं नसून धरून ठेवणं आहे. (अशी डोकी केवळ समुद्रातच असतात असं नाही, पण ते असो.) मानेपाशी नवे नवे खंड तयार होत राहतात आणि जुने मागे सरकत जातात. प्रत्येक खंडात नराची आणि मादीची दोन्ही इंद्रियं. पिकलेला खंड शेवटी गळून पडतो. पाकटातल्या बऱ्याच जातींत तर तो गळाल्यावरही आतड्यात स्वतंत्रपणे हिंडत असतो, वाढतो, आणि मग बाहेर पडतो.

धरून ठेवण्याची तऱ्हा मात्र प्रत्येकाची वेगळी, आणि इथेच हा विषय माणसाला वेड लावतो. अकँथोबोथ्रियम नावाची एक प्रजाती आहे. जगभरात तिच्या दोनशेहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. हिच्या डोक्यावर चार पाळ्या. प्रत्येक पाळीत एकाखाली एक तीन कप्पे. आणि प्रत्येक पाळीच्या माथ्यावर आकड्यांची जोडी, तीही दुटोकी. म्हणजे आठ आकडे, सोळा टोकं, आणि हा सगळा सरंजाम मिलिमीटरभरही नसलेल्या डोक्यावर. पॉलिपोसेफॅलस नावाच्या दुसऱ्या एकाच्या डोक्यातून मऊ शुंडांचा झुपका बाहेर येतो आणि हवा तेव्हा आत जातो. तिसऱ्या एका गटाला चार लांब सोंडा असतात, त्यांवर आकड्यांच्या रांगाच्या रांगा. बॅलॅनोबोथ्रियम नावाचा एक तर डोकं थेट भिंतीत रुतवूनच बसतो. वाड्यातही असा एक भाडेकरू असायचाच, जो मालकाला न विचारता भिंतीत खुंट्या ठोकायचा. बाकीच्यांचा मालकाला एरवी फारसा उपद्रव दिसत नाही. भाडं ते देत नाहीत. पण १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर पुण्यातल्या वाडेवाल्यांना जे भाडं मिळत असे ते पाहता, या मुद्द्यावरून जंतांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आता यातली खरी गंमत अशी की बिऱ्हाडकरूला वाटेल तो वाडा चालत नाही. एका जातीच्या पाकटातला जंत शेजारून पोहत जाणाऱ्या दुसऱ्या जातीच्या पाकटात सहसा सापडत नाही. जंतांचे अभ्यासक तर कधी कधी उलटा हिशोब मांडतात: आपण ज्याला एकच पाकट समजत होतो त्याच्या पोटात दोन तऱ्हांचे जंत निघाले, तेव्हा पाकटंच दोन जातींची नाहीत ना, हे एकदा तपासून बघा. पाहुण्यांवरून यजमान ओळखायचा हा प्रकार.

या हट्टाचं एक कारण रसायनात आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात अंगातलं पाणी टिकावं म्हणून पाकट आणि मुशी आपल्या रक्तामांसात युरिया साठवून ठेवतात. पाकट मेलं की त्याच युरियाचा अमोनिया होतो, आणि तोच तो वास, जो आल्याबरोबर आमच्या सोसायटीतल्या खिडक्या पटापट बंद होतात. हळद, मीठ आणि आमसुलाचा जाडसर कोळ लावून पाकट मुरवत ठेवल्याशिवाय आमच्याकडे ते चुलीवर चढत नाही. जंताची गोष्ट उलटी. त्याच्या अंगातही तोच युरिया मुरलेला असतो, आणि १९५९मध्ये या विषयावर झालेल्या प्रयोगांनंतर हे पक्कं झालं की युरियाशिवाय त्याच्या अंगाचा तोल सांभाळला जात नाही. त्यामुळे आपल्या सात्त्विक पोटात तो तग धरील ही भीती नको. तो तुम्हाला नको आहे, त्याच्या किती तरी आधीपासून तुम्ही त्याला चालत नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर ते आतडं एकदा डोळ्यांनी बघावं अशी इच्छा होणं साहजिक होतं. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात पाकट क्वचित येतं. मी गेलो त्या दिवशी आलं होतं. लहानसं, अख्खं. विकणाऱ्या मावशींनी विचारलं, “काका, तुकडे कालवनाचे करू का सुक्याचे?”

“सुक्याचे करा. आणि आतडं वेगळं ठेवा.”

“आतडं? मांजर पाळलंय व्हय?”

“नाही हो. बघायचंय.”

मावशींनी कोयता खाली ठेवला आणि शेजारच्या पाटीवाल्या बाईंना हाक मारली. “ऐकलं का गं? काकांना आतडं बघायचंय.”

त्या बाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि निकाल दिला, “मास्तर असतील.”

पण मावशींनी काम चोख केलं. बोटभर जाडीची, करड्या-गुलाबी रंगाची ती नळी कोयत्याच्या टोकाने उभी चिरली आणि अंगठ्याने दोन्ही बाजू फाकवून धरली. आतला पडदा एकावर एक घड्या घालत खाली गेलेला, अगदी चित्रात होता तसा. घड्यांच्या मधे खेकड्याच्या कवचाचा चुरा आणि पिवळट बुळबुळीत काला. जंत मात्र दिसेना. मी चष्मा पुसून परत वाकलो.

“काय शोधताय?”

“जंत.”

इथे मात्र मावशींचा आवाज चढला. “ओ काका, किडा-बिडा काय नसतो आमच्या मालात!”

त्यांचं म्हणणं त्यांच्या परीने खरं होतं. मासा मेला की आतले हे जंतही लगेच मरतात आणि बघता बघता विरघळायला लागतात. अभ्यासकांना म्हणून बंदरावरच ठाण मांडून बसावं लागतं. होडी लागली, पाकट उतरलं, की तिथल्या तिथे आतडं उघडून जंत द्रावणात. बर्फात पडून, घाट चढून पाकट गणेश पेठेत पोचेपर्यंत बिऱ्हाडं केव्हाच उठलेली असतात.

आणि बंदरावर असं ठाण मांडून बसण्याचं काम ज्यांनी हिरिरीने केलं त्यांत एक मोठं घराणं होतं औरंगाबादचं. हे मला समजलं तेव्हा मी नकाशा काढून खात्री करून घेतली. ज्या गावाला समुद्राचं वारंही लागत नाही, जिथे समुद्राशी संबंध असलाच तर दुकानातल्या शंखापुरता, तिथल्या मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात जी. बी. शिंदे, बी. व्ही. जाधव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किनाऱ्यावरच्या पाकटा-मुशींच्या जंतांचा ध्यास घेतला. जंत फॉर्मॅलिनमध्ये टिकवायचा, रंगवायचा, काचपट्टीवर पक्का बसवायचा, आणि मग सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा ल्युसिडा जोडून एकाच डोळ्याने जंत आणि कागद दोन्ही एकदम बघत त्याची आकृती काढायची. प्रत्येक आकडा मोजायचा. टोकाची लांबी, बुंध्याची रुंदी, अंडाशयाचा आकार. अशा कष्टाने त्यांनी ढिगाने नव्या जाती नोंदवल्या. त्यांतली एक, पाकटाच्या पोटात राहणाऱ्या टेट्रागोनोसेफॅलम या प्रजातीतली, १९९०मध्ये शिंदे आणि जाधव यांनी चक्क गावाच्या नावाने नोंदवली: ऑरंगाबादेन्सिस. समुद्र गावाला मिळाला नाही, तर गाव समुद्राला देऊन टाकलं.

पुढे गावाचं नाव बदललं, छत्रपती संभाजीनगर झालं. विद्यापीठाचं तर त्याआधी १९९४मध्येच बदललं होतं. पण प्राण्यांच्या नावांचे आंतरराष्ट्रीय नियम फार कर्मठ आहेत. एकदा रीतसर ठेवलेलं नाव, गावाची पाटी बदलली म्हणून बदलत नाही. मोर्चा काढा, ठराव करा, गॅझेटात छापा. जंत ऑरंगाबादेन्सिसच राहणार. त्याला कुणी विचारलेलंही नाही म्हणा.

शिंदे-जाधवांच्या कामानंतर परदेशातल्या अभ्यासकांनी हे सगळं गाठोडं सोडून पुन्हा तपासायला घेतलं, आणि भारतातल्या बऱ्याच जातींपुढे प्रश्नचिन्ह पडलं. वर्णन अपुरं, मूळ नमुना कुठे ठेवलाय त्याचा पत्ता नाही, यजमान पाकट नक्की कोणतं होतं त्याची खात्री नाही. टीका रास्त आहे. नव्या जाती नोंदवण्याची थोडी घाईच झाली होती, असं मलाही वाटतं. आणि मूळ नमुना जपून न ठेवता जात नोंदवणं म्हणजे सात-बारा नसताना जमीन विकणं. पण तरीही माझा जीव त्या माणसांकडेच ओढ घेतो. ज्यातून पैसा नाही, औषध नाही, वर्तमानपत्रात फोटो नाही, अशा आठ आकड्यांसाठी पहाटेच्या बंदरावर आतडी चिरत बसायला एक वेगळीच वृत्ती लागते.

ही वृत्ती जगभर आहे. अमेरिकेतल्या जनीन कायरा आणि कर्स्टन जेन्सन या दोघी विदुषींनी २००८ ते २०१७ अशी दहा वर्षं जगातल्या पट्टकृमींची शिरगणती चालवली. त्या सगळ्या कामाचा जो ग्रंथ निघाला त्यात पट्टकृमींच्या एकूण जाती पावणेपाच हजारांच्या वर भरल्या, आणि त्यांतल्या हजारेक एकट्या पाकटा-मुशींच्या पोटातल्या. आणि एवढं होऊनही, यांतल्या बहुतेकांचा अंड्यापासून पाकटाच्या पोटापर्यंतचा पुरा प्रवास आजवर कुणी पाहिलेला नाही.

पाकटं कमी होत चालली आहेत, हेही यात येतंच. मुशी आणि पाकटं मिळून जेवढ्या जाती जगात आहेत त्यांतल्या एक तृतीयांशाहून जास्त आज धोक्यात आहेत. आपल्याकडे २००१मध्ये काही मोजक्या जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं. पण यजमान गेला की त्याच्यापुरते असलेले चार-पाच बिऱ्हाडकरूही त्याच्याबरोबर जाणार, आणि त्यांच्यासाठी कुठल्या अनुसूचीत ओळ नाही. ज्या पुण्यात दोन माणसं जमली की संस्था निघते आणि तिसरा आला की फुटते, तिथेही जंतमित्र मंडळ अजून निघालेलं नाही.

एकदाच, फक्त एकदाच, या जंताला सोन्याचे दिवस आले होते. सोन्याचे म्हणण्यापेक्षा मोत्याचे. सिलोनच्या मोत्यांच्या शिंपल्यांमध्ये मोती कशाने होतो याचा शोध चालला होता. एडवर्ड केलार्ट नावाच्या तिथल्या डॉक्टरने १८५०च्या दशकातच शंका काढली होती की मोत्याच्या मुळाशी जंत असावा. १९०२मध्ये इंग्रज सरकारने लिव्हरपूलच्या विल्यम हर्डमन या प्राध्यापकाला मन्नारच्या आखातावर पाठवलं. बरोबर जेम्स हॉर्नेल होते. त्यांनी शिंपल्यांच्या मांसात एका पट्टकृमीच्या गोल गोल अळ्या पाहिल्या आणि सिद्धान्त मांडला: अळी शिंपल्यात शिरते, शिंपला तिच्याभोवती चकाकीचे थर चढवतो, तोच मोती. आणि जी अळी मोत्यात अडकत नाही ती पाकटाने शिंपला फोडून खाल्ला की त्याच्या आतड्यात जाऊन मोठी होते. म्हणजे पाकट हा मोत्याच्या शेतीचा शत्रूही, कारण तो शिंपले फस्त करतो, आणि पोशिंदाही, कारण तो नसेल तर जंत नाही आणि जंत नाही तर मोती नाही. त्या सुमारास एका फ्रेंच शास्त्रज्ञाने तर मोती म्हणजे जंताची झगझगीत शवपेटी, अशा अर्थाचं काहीसं म्हणून ठेवलं.

पुण्याला हा सिद्धान्त वेळेवर कळला असता तर काय झालं असतं याचा मी पुष्कळदा विचार करतो. जेम्स वेल्स या चित्रकाराने १७९२च्या सुमारास सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं जे चित्र काढलं, त्यात पेशव्यांच्या गळ्यात मोत्यांच्या माळा आहेत. तिकडे बडोद्यात खंडेराव गायकवाडांनी तर मोत्यांचा गालिचाच करवला. आजही गणपतीत ढोल बडवणारी पोरं कानात भिकबाळी घालतात, आणि पुणेरी नथ मोत्यांशिवाय होत नाही. हर्डमनसाहेबांचं खरं धरलं, तर एका अख्ख्या राज्याची शोभा पाकटाच्या पोटातल्या बिऱ्हाडकरूंवर उभी होती.

पण सिद्धान्त फार दिवस टिकला नाही. पुढच्या लोकांनी मोती कापून कापून पाहिले, तर मधे अळी क्वचितच निघाली. बहुतेक मोत्यांचं कारण शिंपल्याच्या स्वतःच्याच जागा चुकलेल्या पेशींत होतं. अळ्या शिंपल्यात होत्या हे खरं, पण मोत्याचं श्रेय त्यांचं नव्हतं. सिलोनचे ते मोत्यांचे तळ घेण्यासाठी १९०६मध्ये एका कंपनीने वीस वर्षांचा करार केला होता. थोड्याच काळात शिंपलेच मिळेनासे झाले आणि कंपनी बुडाली. जंत पुन्हा आपल्या जागी गेला. मला विचाराल तर बरंच झालं. ज्याच्याकडे सोळा टोकांचं डोकं आहे त्याला मोत्याची शिफारस कशाला हवी?

भाचीच्या लग्नासाठी नथ घ्यायला लक्ष्मी रस्त्यावर गेलो होतो तेव्हा हे सगळं मी सराफाला सांगितलं. म्हणजे सांगायला सुरुवात केली. बायको नथींचे ट्रे बघत होती, सराफ मोत्यांची चमक दाखवत होते, आणि मी मन्नारच्या आखातात पोचलो होतो. शेजारच्या खुर्चीवरच्या एक बाई तन्मणी गळ्याला लावून आरशात बघत होत्या. ‘जंत’ हा शब्द ऐकताच त्यांनी तो हळूच काढून ठेवला. सराफांनी माझ्याकडे न बघता तो तन्मणी मखमलीवर पुन्हा नीट मांडला.

“काका,” ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, “हे सगळे कल्चर मोती आहेत. आत शिंपल्याचा मणी असतो, माणसाने हाताने घातलेला. तुम्ही म्हणता तसलं काही नाही. बसरा मोती आता मिळतो कुठे?”

“आणि बसऱ्यापेक्षा स्वस्त?” बायकोने विचारलं.

“खूपच.”

“मग ही द्या,” ती म्हणाली, “आणि आमच्या ह्यांना तोवर बाहेर कुठे चहा मिळतो ते सांगा.”